खरेदी-प्रमुखाची पूर्वतयारी

२ सप्टेंबर १९५६, रविवार. सकाळी ७.

आजपासून रोजनिशी. कारण तसंच आहे.

काल संध्याकाळी कॉलनीच्या पटांगणात सभा झाली. आमच्या कारखान्याच्या कॉलनीत सहकारी भांडार निघणार. दिवाळीच्या आत. म्हणजे पावशेर साखरेसाठी पिंपरीहून चिंचवडपर्यंत पायपीट बंद. सोसायटीचे चेअरमन आमचेच साहेब, स्टोअर-सुपरिंटेंडेंट नानासाहेब. ते म्हणाले, माल पुण्याच्या दलालाकडून घ्यायचा नाही. आळंदी, चाकण, खेड इथल्या बाजारातून थेट आणायचा. त्यासाठी एक खरेदी-प्रमुख नेमायचा. बाजार कळणारा माणूस पाहिजे.

हे म्हणताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं. शेजारच्या खोलीतले बबनराव माझ्या बाजूलाच उभे होते, पण नजर माझ्यावरच होती. बबनरावांची उंची कमी आहे.

सहा वर्षं मी स्टोअरच्या खिडकीतून नट-बोल्ट देतोय. एकदाही चुकीच्या साइजचा दिलेला नाही. ज्याला नट-बोल्ट ओळखता येतो त्याला तांदूळ ओळखायला असा किती वेळ लागणार?

संकल्प: दर सुट्टीला एक गाव. पहाटे पाचला उठणे. दुकानदारासमोर हसायचं नाही. खिशात कायम वही.

मंजुळेला (सौ.) हा सगळा प्रोग्रॅम सांगितला. तिने नीट ऐकून घेतला. म्हणाली, बरं, येताना मीठ आणा.

९ सप्टेंबर, रविवार.

आठला उठलो. पाच वाजता जाग आली होती, पण दुकानं एवढ्या लवकर उघडत नसणार असा विचार केला.

सायकलने आळंदी. इंद्रायणीला पाणी भरपूर. घाटाकडे उतरणाऱ्या रस्त्याला दोन्ही बाजूंनी दुकानं: बुक्का, तुळशीच्या माळा, टाळ, पितळेची भांडी, लाह्या. ती आपल्या कामाची नाहीत. भुसारी दुकानं मागच्या गल्लीत. एकूण सात पाहिली. प्रत्येक ठिकाणी दारात उभा राहून आधी एक मिनिट नुसतं रोखून बघायचं, अशी माझी सिस्टिम. चौथ्या दुकानदाराने विचारलं, कुणाला शोधताय का? सहाव्याने मला पाणी दिलं. दरारा म्हणतात तो हाच.

सातव्या दुकानात आंबेमोहोर घेतला. अडीच शेर, नमुन्यादाखल. दुकानदार म्हणाला, तुमच्यासारखं गिऱ्हाईक वर्षातून एकदा येतं. बिचारा भावुक झाला होता.

संध्याकाळी मंजुळेने तांदूळ निवडायला घेतले. खडे एका वाटीत, तांदूळ परातीत. थोड्या वेळाने वाटी बदलून तिने तांब्या घेतला. मी वहीत नोंद केली: खडे हे जमीन कसदार असल्याचं लक्षण असावं.

मीठ राहिलं.

११ सप्टेंबर, मंगळवार.

बबनरावांनीही वही घेतली आहे. माझ्यापेक्षा मोठी. नक्कल करणाऱ्याची मला कीव येते. उद्या मी पेन्सिल बदलून फाउंटन पेन वापरायला काढणार.

१५ सप्टेंबर, शनिवार. संध्याकाळ.

आज चाकणचा बाजार. शनिवारी सुट्टी नसल्याने पोटदुखीचा अर्ज दिला. खोटं नव्हतं. आळंदीच्या भातानंतर पोटात थोडं जड होतंच.

मंजुळा म्हणाली, मीही येते, कांदे घ्यायचेत. म्हटलं, चल, पण मधेमधे बोलू नको. नाशिक रस्त्यावर जाऊन खेडची एसटी धरली.

बाजार अफाट. मिरच्यांचे ढीग, शेंगांची पोती, घोंगड्या, दोरखंड, विळे, बांगड्या, आणि सगळीकडे कांदा. मंजुळा कुण्या गवराबाईपाशी बसली. भामा नदीकाठच्या एका वाडीची शेतकरीण. कांदा विकत होती. पाचच मिनिटांत दोघी एकमेकींच्या माहेरची चौकशी करत होत्या. बायकांच्या हातून असा वेळ फुकट जातो. मी निरीक्षणासाठी बैलबाजारात गेलो.

भांडाराला बैल लागणार नाहीत हे मला माहीत आहे. पण बाजाराचं मर्म बैलबाजारात कळतं. तिथे भाव तोंडाने बोलत नाहीत. दलाल आणि गिऱ्हाईक उपरण्याखाली हात घालतात आणि एकमेकांची बोटं दाबून सौदा करतात. बघणाऱ्याला पत्ता नाही. शास्त्रीय पद्धत आहे. ती आतून पाहावी म्हणून मी एका दलालाला विनंती केली. तो फारच आनंदाने तयार झाला.

उपरण्याखाली त्याने माझी दोन बोटं धरली. मी मान हलवली. तीन धरली. मला गुदगुल्या झाल्या, पण हसायचं नाही हा नियम. मग मी नकार म्हणून त्याचा सगळा पंजा माझ्या मुठीत घट्ट धरला.

चाकणला त्याचा अर्थ नकार होत नाही.

लोकांनी एकदम ओरडा केला. कुणीतरी माझ्या कपाळाला गुलाल लावला. दलालाने माझ्या वरच्या खिशातल्या दोन नोटा विसार म्हणून स्वतःच काढून घेतल्या आणि माझ्या हातात दावं दिलं. दाव्याच्या दुसऱ्या टोकाला एक पांढरा गोऱ्हा होता. दीड वर्षाचा असेल. तो माझ्या सदऱ्याची बाही चघळू लागला.

नेमके तेव्हाच नानासाहेब समोर आले.

मी पोटावर हात ठेवला. मग लक्षात आलं की नानासाहेब आज पुण्याला हेडऑफिसच्या मीटिंगला गेलेत असं कालच सगळ्या स्टोअरला सांगितलं होतं. त्यांच्या काखेत नवं घोंगडं होतं. आम्ही दोघांनी एकमेकांना नमस्कार केला. ते म्हणाले, छान आहे गोऱ्हा. मी म्हणालो, घोंगडंही छान आहे.

एवढ्यात मंजुळा आली, मागून गवराबाई. गवराबाईने गोऱ्ह्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि भर बाजारात म्हणाली, "आगं बाई, ह्यो तुझा मालक व्हय? आन् हे जनावर चाळीत कुटं बांदनार? मोरीत?"

मंजुळा हसली नाही. तिने पदर खोचला, गोऱ्ह्याचं तोंड उघडून दात पाहिले, मागचे पाय दाबून पाहिले. मग दलालाला बाजूला घेऊन हळू आवाजात काहीतरी बोलली. दलाल आधी मोठ्याने बोलत होता, मग हळू, मग ऐकतच राहिला. गवराबाईच्या घरी गोऱ्हा हवाच होता. तिच्या नवऱ्याला हाक गेली. दहा मिनिटांत गोऱ्हा त्यांच्याकडे गेला, माझ्या नोटा माझ्याकडे आल्या. वर गवराबाईने मंजुळेच्या पिशवीत लसणाची एक जुडी घातली.

म्हणजे हिशेब केला तर आजच्या सौद्यात मला एक जुडी लसूण निव्वळ फायदा झाला. पहिल्याच बैलबाजारात! नानासाहेब सगळं उभं राहून बघत होते. माझा धीटपणा त्यांच्या ध्यानात आल्याशिवाय राहिला नसेल.

मंजुळेला म्हटलं, गोऱ्ह्याचे दात बघायला कुठे शिकलीस? ती म्हणाली, एसटी आली, पळा.

१७ सप्टेंबर, सोमवार.

नानासाहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. पोट कसं आहे, विचारलं. बरं आहे म्हणालो. मीटिंग कशी झाली, हे मी विचारलं नाही. आमच्यात आता एक मूक समजूत निर्माण झाली आहे. वरिष्ठ आणि कनिष्ठ यांच्यात अशी समजूत असणं ही प्रमोशनची पहिली पायरी.

मग म्हणाले, उद्धवराव, पावसाळी हवेत कांदा कसा टिकवायचा? मी म्हणालो, विचार करून सांगतो. ते म्हणाले, विचार नका करू, घरी विचारा.

मंजुळेला विचारलं. कांद्याला वारा पाहिजे, जमिनीला टेकू द्यायचा नाही, मोड दिसला की तो आधी खायला काढायचा. मी हे सगळं थोड्या जड भाषेत लिहून दिलं आणि खाली माझी सही केली.

२३ सप्टेंबर, रविवार.

आज एकट्याने. चिंचवडला पवनेच्या काठच्या पेठेत. मंजुळा बरोबर नसली की माझी नजर जास्त तीक्ष्ण चालते.

तूप घेतलं. डबा उघडून वरचं तूप तळहातावर घासलं, वास घेतला, जिभेवर ठेवलं. अस्सल! विकणारा स्वतः म्हणाला, असा पारखी बघितला नाही.

दुपारी मंजुळेने डब्यात उलथनं खोल घातलं. वर दोन बोटं तूप. खाली कुस्करलेलं रताळं.

वरचं तूप अस्सल होतं हे तिनेही मान्य केलं. रताळ्याच्या पुऱ्या चांगल्या झाल्या. बबनरावांनाही दोन दिल्या. त्यांनी न विचारताच सांगितलं की त्यांनाही गेल्या रविवारी तसलाच डबा मिळाला. तेवढ्यापुरतं त्यांच्याबद्दल आपलेपणा वाटला.

२८ सप्टेंबर, शुक्रवार.

मोठी बातमी. परवा रविवारी नानासाहेब स्वतः खेडला येणार. मी आणि बबनराव, दोघांनी तिथल्या आबाजींच्या भुसारी दुकानात भांडारासाठी गुळाचा सौदा करून दाखवायचा. जो जिंकेल तो प्रमुख, असं ते म्हणाले नाहीत, पण त्यांच्या भुवया म्हणाल्या.

मंजुळेला बरोबर नेणार. पिशव्या धरायला कुणीतरी हवं. शिवाय नानासाहेबच म्हणाले, मंडळींनाही आणा. साहेबांचं बोलणं मोडवत नाही.

उद्या कामावरून आल्यावर पूर्ण विश्रांती. पेनात शाई भरून ठेवली.

३० सप्टेंबर, रविवार. रात्रीच्या जेवणाआधी.

काय झालं ते जसंच्या तसं लिहितो.

खेडची पेठ भीमेच्या बाजूला उतरत जाते. आबाजींचं दुकान मधोमध. जाडजूड म्हातारा, लोडाला टेकून बसलेला, तोंडातून शब्द काढत नाही. असा माणूस घाबरलेला असतो. मी ताबडतोब गुळाच्या ढेपीवर टिचकी मारली आणि भाव सांगितला. आबाजी गप्प. बबनरावांनी माझ्यापेक्षा चार आणे जास्त सांगितले. कशासाठी, देवाला ठाऊक! मी मागे हटणारा नव्हे. आठ आणे वाढवले. त्यांनी बारा. मी एक रुपया. आबाजी अजून गप्पच, फक्त एकदा कूस बदलली. चौकात माणसं जमली. बबनरावांचा चेहरा लाल झाला होता. माझाही झाला असेल. आम्ही आबाजींनी न मागितलेल्या भावाच्या कितीतरी वर गेलो होतो आणि कसं थांबावं ते दोघांनाही सुचत नव्हतं.

नानासाहेबांनी चष्मा काढून पुसायला घेतला.

तेव्हा मंजुळा पुढे झाली. तिने ढेपीचा कोपरा बोटाने फोडला, वास घेतला, चिमूटभर जिभेवर ठेवला. आणि घरी कधी बोलत नाही तशा बोलीत बोलली. "बाबा, ह्यो पाऊस लागल्याला गूळ हाय. लोकांच्या दिवाळीला ह्यो न्हाई चालायचा. मागल्या खोलीतला दावा."

आबाजींनी डोळे पूर्ण उघडले. "मागं खोली हाय हे तुला कुनी सांगितलं?"

"हितं समदा माल पुढं मांडलाय आन् मुंग्या मात्र मागच्या दाराकडं चालल्यात."

म्हातारा खो खो हसला. विचारलं, "कुनाची लेक तू?"

कॉलनीत सगळ्यांना मी सांगितलंय की सासरे नगर जिल्ह्यातले मोठे व्यापारी होते. मंजुळेने एकदा माझ्याकडे पाहिलं. मग सरळ सांगून टाकलं, नानासाहेबांच्या आणि बबनरावांच्या देखत. वडील बाजारकरी होते. मिरची-मसाल्याचं गाठोडं पाठीवर घेऊन आठवड्याचे आठ बाजार करायचे. आई लवकर गेली म्हणून तेराव्या वर्षापर्यंत ही त्यांच्याबरोबर चालायची.

आबाजी उठून उभे राहिले. "बाजारकऱ्याची लेक. मंग हिला फसवून उपेग न्हाई." आणि मागची खोली उघडली. गूळ सोन्यासारखा होता. भाव मी पहिल्यांदा सांगितलेल्या भावाच्याही खाली ठरला.

दुपारी भीमेच्या घाटावर बसून भाकरी खाल्ली. नानासाहेब आणि बबनराव लांब बसले होते. मी मंजुळेशी बोलत नव्हतो. शेवटी म्हणालो, सहा वर्षं मी लोकांना व्यापारी म्हणून सांगतोय, आता काय तोंड दाखवू?

ती पाण्याकडे बघत म्हणाली, "व्यापारीच होते. दुकान पाठीवर होतं, एवढंच."

पुढे म्हणाली, आठ बाजारांत त्यांनी मला एकदाही चालताना उपाशी ठेवलं नाही. तुम्हाला लाज वाटते हे ठाऊक होतं, म्हणून मी कधी बोलले नाही. आज वाटलं, दोनशे घरांची दिवाळी आहे.

मी माझ्या भाकरीतली अर्धी तिला दिली. तिचं पोट भरलं होतं. तरी तिने घेतली.

३ ऑक्टोबर, बुधवार.

गेले तीन दिवस मी लोकांची तोंडं वाचतोय. कुणीच काही म्हटलं नाही. फिटर सोपानराव खिडकीशी येऊन म्हणाले, आमचा बा बी बाजारात दोरखंड इकायचा की राव. आणि पाच-अष्टमांश इंची बोल्ट मागितला. मी चुकून अर्ध्या इंचाचा दिला. सहा वर्षांत पहिल्यांदा.

४ ऑक्टोबर, गुरुवार.

निरोप आला. शनिवारी संध्याकाळी पाचला नानासाहेब आमच्या खोलीवर येणार. नेमणुकीचं बोलायला!

शांतपणे विचार केला तर यात आश्चर्य काही नाही. खेडला मंजुळेला नेण्याची दूरदृष्टी कुणाची? माझी. योग्य माणसाला योग्य जागी उभं करणं हेच प्रमुखाचं काम. नानासाहेबांसारख्या अनुभवी माणसाला हे दिसल्यावाचून राहत नाही.

भाषणाची तयारी सुरू. सुरुवात नम्रपणे करणार. मग आळंदीपासून.

६ ऑक्टोबर, शनिवार. संध्याकाळी ७.

लग्नातला कोट घातला. बटण लागलं नाही, पण उभं राहिलं की कळत नाही. म्हणून उभाच राहिलो.

पाचला नानासाहेब आले, बरोबर सोसायटीचे दोन सभासद. मी घसा साफ केला आणि म्हणालो, मी स्वतःला या पदाला लायक समजत नाही, तरीपण.

नानासाहेब म्हणाले, उद्धवराव, जरा सरकता का? आणि माझ्या मागे, चुलीपाशी बघून म्हणाले, "मंजुळाबाई, आमचं भांडार तुम्ही सांभाळाल का? कमिटीत सगळ्यांचं एकमत आहे. बबनरावांचंसुद्धा."

मंजुळेच्या हातातली किटली तशीच राहिली. ती म्हणाली, मला लिहिता थोडंच येतं. नानासाहेब म्हणाले, लिहिणारे आमच्याकडे रग्गड आहेत. मग ती म्हणाली, यांना विचारून सांगते.

सगळे माझ्याकडे बघू लागले. मंजुळाही. त्या बघण्यात आग्रह नव्हता. नाही म्हटलं असतं तर ती चहा गाळायला लागली असती आणि पुन्हा कधी विषय काढला नसता. हे मला इतकं स्वच्छ दिसलं की घशातलं सगळं भाषण खाली गेलं.

मी म्हणालो, आमची काही हरकत नाही. 'आमची' म्हणजे कुणाकुणाची, ते मलाही कळलं नाही. वाक्य बाहेर पडलं एवढं खरं. कोटाची एक शिवण त्याच वेळी उसवली.

मंजुळेने मग चहा दिला आणि तिथल्या तिथे तिच्या अटी सांगितल्या. बाजाराला जायला कारखान्याची गाडी. वजनं तिच्यासमोर तपासायची. उधार-उसनवार भांडारात नाही. नानासाहेब प्रत्येक अटीला हो म्हणत गेले. मला एवढ्या अटी सुचल्या नसत्या. मी फक्त टेबल-खुर्ची मागणार होतो.

१४ ऑक्टोबर, रविवार.

पहिली अधिकृत खरेदी. चाकण आणि खेड. ट्रकमध्ये पुढे ड्रायव्हरशेजारी मंजुळा. मागे पोत्यांवर मी आणि बबनराव. तेलाचे डबे कलंडू नयेत म्हणून प्रत्येकी दोन डबे मिठीत धरायचे, अशी कामाची वाटणी. येताना इंद्रायणीच्या पुलावर बबनराव म्हणाले, हवा छान आहे. खरंच छान होती. मोशीच्या चढावर दोघांनी मिळून एक अभंग म्हटला. डबे हलले नाहीत.

खरेदीचा खरा कणा वाहतूक असतो. या विषयाकडे आजवर कुणी गांभीर्याने पाहिलेलं नाही.

२८ ऑक्टोबर, रविवार. सकाळी ११.

आज भांडाराचं उद्घाटन. आंब्याच्या पानांचं तोरण, पेढे, दोनशे घरांची गर्दी. गूळ, साखर, रवा, तेल, सगळं ओळीने मांडलेलं. लोक तांदूळ ओंजळीत घेऊन नुसते बघत होते. काउंटरमागे मंजुळा, नवं हिरवं लुगडं नेसून. मी ठरवलं होतं, सगळ्यांसारखं रांगेत उभं राहायचं. आपल्या माणसाने शिस्त दाखवली की इतरांना वळण लागतं. नियम म्हणजे नियम, असं पुढच्या मागच्या सात-आठ जणांना मी सांगितलंसुद्धा.

पाऊण तासाने नंबर लागला. मी हसलो. (भांडारात हसायला हरकत नाही.) म्हणालो, दोन शेर साखर, एक शेर रवा.

मंजुळा वहीत बघत म्हणाली, सभासद-कार्ड?

मी म्हणालो, अगं, मी!

ती म्हणाली, कार्डाशिवाय माल नाही. बोर्डावर लिहिलंय. पुढचे या.

मागून सोपानराव म्हणाले, उद्धवराव, नियम म्हंजे नियम. माझंच वाक्य.

कार्ड आणायला घरी आलो आहे. फळीवर नाही, कोटात नाही, ट्रंकेत नाही, देवामागे नाही. कुठे ठेवलंय ते फक्त मंजुळेला माहीत. तिला विचारायला गेलं पाहिजे.

खिडकीतून पाहिलं. रांग आता पटांगणाच्या टोकापर्यंत गेली आहे.